माहेरी गेलं की वादच होतो

प्रश्न : मी पुण्याला असते. महिन्यातून एकदा नाशिकला, पंचवटीत माहेरी जाते. बाबा ७८ वर्षांचे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन गच्चीत वाळत घालतात, गठ्ठे पलंगाखाली. आई गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. गॅसची नळी कधी बदलली, दोघांनाही आठवत नाही. काही बोललं की बाबा थैली उचलून वणीच्या एसटीत बसतात. काय करू?

उत्तर : ताई, पिशव्या राहू द्या. माझे वडील सुतळीचे तुकडे जपायचे. एकदा मी सगळे फेकून दिले, तर दोन दिवस बोलले नाहीत. ते मला आजही सलतं.

नळीचं मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायचीच. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. या खेपेला स्वतः वाचा आणि एजन्सीचा माणूस बोलवा. आईला न रागावता विचारा, गोळ्यांनी पित्त होतं का, चक्कर येते का? ती सांगेल ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाबा फिरतात हे चांगलंच. पंचाहत्तरीनंतर त्यांना एसटी मोफत आहे, तुम्हाला अर्धं तिकीट. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत वणीला जा. त्यांना खिडकी द्या.