आयटीआयला खुशाल घाला, पण अप्रेंटिसशिपचा कागद आधी बघा

ताई, मुलाला दहावीला ६४ टक्के, तो आयटीआय फिटर म्हणतोय आणि घरचे अकरावी सायन्स, मग इंजिनिअरिंग म्हणताहेत, हे तुमचं वाचून आमच्या घरातला जून महिना आठवला. मामा म्हणाले होते, "पाना-पक्कड घेऊन फिरणार का?" मी फिरलो.

प्रवेश कसा, ट्रेड (कामाची शाखा) कोणता, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं वर्ष कुठे गेलं ते सांगतो.

फिटरची दोन वर्षं झाल्यावर २०१८ साली चाकणच्या एका कारखान्यात चिकटलो. सगळे 'अप्रेंटिस' म्हणायचे, म्हणजे सरकारदरबारी नोंदलेल्या करारावर कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकणारा. मीही तेच समजत होतो. गेटपासवर मात्र 'ट्रेनी' होतं आणि खाली ठेकेदाराचं नाव. पगार पाकिटात, रोख. तिथेच खटकायला हवं होतं. वर्ष सरल्यावर अप्रेंटिसच्या परीक्षेचं विचारायला सरकारी कार्यालयात गेलो, तर सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर माझा करारच नव्हता. क्लार्क म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली ठेकेदाराला विचारा, ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. सहा चकरा मारल्या. दोनदा तर साहेब जेवायला गेलेत म्हणून परत पाठवलं, सकाळी साडेअकराला!

करार नोंदलेला नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र नाही. ते प्रमाणपत्र मागणाऱ्या जागा माझ्यासाठी नव्हत्याच. दुसरीकडे पहिल्यापासून वर्ष काढलं, माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी उभं राहून. म्हणून रुजू होण्याआधी करार नोंदणी क्रमांक मागा आणि विद्यावेतन बँकेतच घ्या. 'नंतर करू' म्हणाले तर उठून या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. पुढे डिप्लोमा करायचाच हे आज ठरलेलं असेल तर आयटीआयचा वळसा नको. दोन वर्षं आयटीआय, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे एकूण चार. सरळ डिप्लोमा तीनच वर्षांचा. तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, तेव्हा घरच्यांची इंजिनिअरिंगची हौस बुडत नाही. पण पोराला हाताने काम करायचं असेल तर अकरावीत कोंडू नका. "डिग्रीत काय ठेवलंय" म्हणणारे बहुतेक स्वतः डिग्रीवाले असतात, त्यांचं एका मर्यादेपर्यंतच ऐका. मीही काही समुपदेशक नाही. माझा अनुभव जुना आहे, नियम बदलतात, या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.

आणि हो, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्या एका बॅचमेटच्या नावात 'व्ही'चा 'डब्ल्यू' झाला होता, प्रमाणपत्र दुरुस्त होऊन यायला आठ महिने लागले.