डॅशकॅम काचेवर नेमका कुठे लावावा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीहून रोज बेळगावला जाणं-येणं असतं, अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्यालाही उतरता. दुकानदार म्हणतो डॅशकॅम (पुढचा रस्ता सतत रेकॉर्ड करणारा कॅमेरा) काचेच्या उजव्या कोपऱ्यात लावा, मेहुणे म्हणतात डॅशबोर्डवर ठेवा, आणि व्हिडिओवाले सांगतात आरशामागे. माझं मत विचाराल तर आतल्या आरशाच्या डावीकडे, आरशाला खेटून, पण वायपर जेवढी काच पुसतो त्या हद्दीत. यातली शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच दुकानात कुणी सांगत नाही.

आधी वॉशरचं पाणी काचेवर मारा, वायपर दोनदा फिरवा आणि खाली उतरून काच समोरून बघा. दोन पात्यांच्या दोन कमानी दिसतील. वर मधोमध, जिथे या कमानी एकमेकींपासून फाकतात, तिथे उलट्या त्रिकोणासारखा एक तुकडा ओलाच राहिलेला असेल. बऱ्याच गाड्यांत हा त्रिकोण आरशाच्या आसपासच येतो. म्हणजे ‘आरशामागे लावा’ हा सल्ला डोळे झाकून पाळला, तर लेन्स बरोबर त्या न पुसलेल्या काचेतून बघत बसते. एप्रिलमध्ये काही कळत नाही. जूनमध्ये जांबोटी सोडून कणकुंबीकडे लागलात की कळतं. थेंब काचेवर तसेच बसून राहतात, समोरून येणाऱ्या ट्रकचा हेडलाइट प्रत्येक थेंबात फुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये गाडीच्या जागी नुसते पिवळे गोळे. त्यात पुढच्या गाडीने उडवलेला खानापूर भागातला तांबडा चिखल त्या त्रिकोणात वाळला, की पुढची धुलाई होईपर्यंत कॅमेरा आंधळा.

म्हणून कमानीच्या कडेवर आतून मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा. एकाने बाहेरून बोट दाखवायचं, दुसऱ्याने आत टेप चिकटवायची. लेन्स या खुणेच्या किमान दोन बोटं खाली आली पाहिजे. कॅमेऱ्याचं अंग वर गेलं तरी चालेल, प्रश्न लेन्सचा आहे. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर मात्र कॅमेरा चिकटवू नका. ते ठिपके काचेवर भाजलेले असतात, पृष्ठभाग सपाट नसतो आणि कॅमेऱ्याची टेप नीट धरत नाही.

फार वर नको याला आणखी एक कारण आहे. पावसात काच आतून धुरकटते तेव्हा डीफॉगरची हवा खालून वर चढते, त्यामुळे काच खालून साफ होत जाते आणि वरचा भाग सगळ्यांत शेवटी. घाटात धुकं असताना तुम्हाला रस्ता दिसू लागलेला असतो, कॅमेऱ्यासमोर अजून वाफ असते.

आता उजव्या कोपऱ्याचं. दुकानदार तो का सुचवतो, तर वायर टाकायला सोपं पडतं, दहा मिनिटांत काम. पण उजवा खांब आधीच तुमची नजर अडवतो, त्याला चिकटून आणखी एक काळा डबा कशाला? घाटातल्या उजव्या वळणावर आणि सर्कलमध्ये शिरताना मान तिकडेच वळते, आणि दुचाकी लपायला तेवढी जागा पुरते. शिवाय उजव्या कोपऱ्यातून कॅमेऱ्याला दुभाजक छान दिसतो, पण खरी भानगड आपल्याकडे डावीकडून येते. हंगामात शेतवाटेवरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर एकदम हायवेवर चढतो, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मधल्या जागेवरून दोन्ही बाजू सारख्या येतात.

डॅशबोर्डचं तर नावच काढू नका. उन्हात लावलेल्या गाडीत सगळ्यात जास्त तापतो तो डॅशबोर्ड. अथणी-रायबागकडच्या मे महिन्यात सक्शन कप दुपारी सुटून खाली पडलेला असतो. (कॅमेरा बॅटरीवाला असेल तर ती फुगण्याची भीती वेगळीच. सुपरकपॅसिटरवाला, म्हणजे बॅटरीऐवजी उष्णता सोसणारा वीज साठवणारा भाग असलेला, घेतला असेल तर बरं केलंत.) खालून बघितल्यावर निम्मं चित्र बॉनेटचं येतं ते निराळं.

डॅशबोर्डवरच्या वस्तूंचं प्रतिबिंब हा विषय लोक धरतच नाहीत. कॅमेरा कुठेही लावा, दुपारच्या उन्हात डॅशबोर्डवर जे असेल ते काचेत उमटतं आणि रेकॉर्डिंगमध्ये रस्त्यावर तरंगत राहतं. चकचकीत पॉलिश, टोलची पावती, पांढरा नॅपकिन, आणि हो, आपला गणपती. बाप्पाला हलवा असं मी म्हणणार नाही, पण मूर्ती चंदेरी असेल तर ती लेन्सच्या समोरच्या रेषेतून थोडी बाजूला सरकवा. लेन्सवर बसवायचा पोलरायझर फिल्टर मिळतो, तो फिरवून हे प्रतिबिंब बरंच मारता येतं. मात्र रात्री तो थोडा उजेडही खातो.

चिकटवण्यापूर्वी ड्रायव्हर सीटवर तुमच्या नेहमीच्या बसण्यात बसा, पट्टा लावा, आणि कुणाला तरी कॅमेरा त्या जागी धरायला सांगा. तो आरशाच्या सावलीत झाकला गेला पाहिजे, रस्त्याचा कुठलाही भाग त्याने अडवता कामा नये. डावा हात लांबवून त्याच्या बटणापर्यंत पोहोचतो का तेही बघा. अपघात झाला की ती फाइल लॉक करावी लागते, नाहीतर लूपमध्ये जुन्यावर नवीन चढत जातं आणि हवा तोच तुकडा जातो.

फास्टॅग बहुतेक आरशामागेच असतो. त्यावर कॅमेरा किंवा त्याची काचेला चिकटणारी पट्टी येऊ देऊ नका, हत्तरगीच्या टोलवर मागचे हॉर्न वाजवायला लागतील. रेन सेन्सर किंवा कंपनीचा एडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असलेल्या गाडीत, तो काचेच्या ज्या मोकळ्या चौकटीतून बघतो तिच्यापासूनही चार बोटं लांब.

काच मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा. काच पुसायच्या निळ्या पाण्याचा थर मागे राहतो. पावसाळ्यात हे काम करायचं असेल तर कोरडी दुपार बघा, दमट थंड काचेवर टेप धरत नाही. अर्धा मिनिट दाबून धरा आणि कॅमेरा अडकवायच्या आधी नुसती पट्टी एक दिवस तशीच राहू द्या.

वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटाने ढकलत डावीकडे न्या, मग डाव्या खांबावरून ग्लोव्ह बॉक्सकडे खाली. गाडीत कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर त्या खांबात एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून गेली नाही पाहिजे, मागूनच. खांबाचं कव्हर उघडताना दुकानातला पोरगा स्क्रूड्रायव्हर घुसवायला लागला तर सरळ थांबवा आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडून करून घ्या.

कोन लावताना क्षितिज चित्राच्या मधोमध, खाली बॉनेटची बारीक पट्टी. आकाश जास्त घेतलं तर कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि रस्ता काळा पडतो. मग घरासमोर उभ्या गाडीचा नंबर किती लांबून वाचता येतो ते बघा. साध्या फुल एचडी कॅमेऱ्यात काही मीटरपलीकडे नंबर स्पष्ट येत नाही, चालत्या गाडीचा तर आणखी कमी. आपल्याकडे एकाच सिग्नलला केए, एमएच आणि जीए उभे असतात. धडक मारून पळालेली गाडी एकदा हद्दीपलीकडे गेली की नंबराशिवाय हातात काही नसतं. पोलीस ठाण्यात जबाब कन्नडात लिहिला जातो. ज्याला कन्नड नीट येत नाही त्याला तिथे चित्र फार उपयोगी पडतं. पण मूळ कार्ड काढून ठेवा, व्हॉट्सॲपवर आलेली प्रत पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्रही द्यावं लागतं, ते वकील बघतील.

मागचा कॅमेरा घेतला असेल तर मागच्या काचेवर तापणाऱ्या ज्या बारीक रेषा असतात त्यांवर टेप लावू नका. काढताना रेषच उचलून येते.