वाचकांचे प्रश्न : नाव न देताही ओळख पटते का?

प्रश्न : सार्वजनिक संकेतस्थळांवर माहिती भरताना मी नाव कधीच देत नाही; जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढेच लिहिते. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह आहे ना, हेही पाहून घेते. एवढी काळजी पुरेशी आहे का? कुकीजच्या सूचनेवर ‘सर्व स्वीकारा’ म्हणावे का?

उत्तर : कुलूप पाहण्याची सवय चांगली आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नये. आपल्याकडून संकेतस्थळाकडे जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढीच त्याची हमी असते. पलीकडे पोहोचल्यावर ती कोण पाहतो, किती वर्षे ठेवतो आणि कोणाला विकतो, याच्याशी त्याचा संबंध नसतो. फसवणुकीसाठी उभारलेल्या संकेतस्थळालाही ते चिन्ह सहज मिळते.

खरी अडचण आपण निरुपद्रवी मानलेल्या तीन गोष्टींत आहे. अमेरिकेतील संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० साली जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिले, की तेथील सुमारे ८७ टक्के लोक केवळ जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांवरून एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे. २००६ मधील फेरतपासणीत हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास निघाले, पण तेही निर्धास्त राहावे इतके कमी नाही. त्याच वर्षी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तिच्या शोधयंत्रावर टाइप केलेले शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, अभ्यासकांसाठी खुले केले. त्यांतील एका क्रमांकाने आपल्या गावातील बागकाम करणारे आणि एकाच आडनावाच्या अनेक व्यक्ती शोधल्या होत्या. तेवढ्या धाग्यांवरून पत्रकारांनी काही दिवसांतच त्या क्रमांकामागच्या वृद्ध महिलेचे घर गाठले. नाव तिनेही कुठे लिहिले नव्हते.

कुकीज म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी. त्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर ‘सर्व स्वीकारा’ टाळावे आणि ‘फक्त आवश्यक’ हा पर्याय निवडावा. (तो बहुधा फिकट अक्षरांत, कोपऱ्यात असतो, आणि हे अनवधानाने घडत असेल असे मला वाटत नाही.) लॉगिन टिकवणाऱ्या कुकीजची अडचण नाही; पण एकच जाहिरातसंस्था अनेक संकेतस्थळांवर ज्या ठेवते, त्यांमुळे आपली भ्रमंती एकत्र जोडली जाते. फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर अशा बऱ्याच कुकीज आपणहून अडवतात. ब्राउझरमधील खासगी (‘प्रायव्हेट’ किंवा ‘इन्कॉग्निटो’) विंडोचा उपयोग मात्र मर्यादित आहे: तिच्यामुळे आपल्या यंत्रावर इतिहास उरत नाही, पण संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतच राहतो.

यापुढे अर्जातील तारांकित नसलेले रकाने कोरेच सोडावेत. कायदेशीर कामात खरीच माहिती द्यावी लागते. परंतु केवळ वय तपासण्यासाठी पूर्ण जन्मतारीख मागितली जात असेल, तर जन्मवर्ष पुरेल का, असे संकेतस्थळाच्या तक्रार विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत तो अर्ज पाठवू नये.