वाचकांचे प्रश्न : सिमेंटच्या जागी राख

प्रश्न : व्हायब्रेटर न लावता साच्यात आपोआप पसरणाऱ्या काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी) घातल्यास मजबुती घटत नाही का?

उत्तर : सुरुवातीला घटते, पुढे बहुधा भरून निघते. या काँक्रीटला वाहते राहण्यासाठी घनमीटरला साधारण ४०० ते ६०० किलो बारीक भुकटी लागते; ती सगळी सिमेंटचीच ठेवली, तर खर्च वाढतोच, शिवाय आतली उष्णता वाढून जाड भागांत तडे जाण्याचा धोका राहतो. फ्लाय ॲशचे कण गोल असल्याने मिश्रण कमी पाण्यात सरकते, आणि सिमेंटच्या क्रियेत सुटलेल्या चुन्याशी तिची सावकाश क्रिया होऊन नवा बंधक पदार्थ तयार होतो. म्हणूनच अशा काँक्रीटची पारख केवळ २८ दिवसांवर न करता ५६ किंवा ९० दिवसांवरही करावी, असे माझे मत आहे. सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश साधारण २५ ते ३५ टक्के, तर स्लॅग ५० टक्क्यांपर्यंतही चालतो. सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्टीतून निघणारी भुकटी) मात्र अतिसूक्ष्म असल्याने ५ ते १० टक्क्यांतच पाण्याची मागणी वाढवतो.

प्रमाण ठरवताना स्लम्प फ्लो चाचणी (शंकूच्या आकाराच्या साच्यात भरलेले काँक्रीट किती पसरते ते पाहणे) अवश्य करावी. शंकू उचलल्यावर काँक्रीट ५५० ते ८५० मिलिमीटर व्यासाचे पसरावे; पण आकड्यापेक्षा कडा पाहा. तिथे पाण्याची ओली किनार दिसली किंवा खडी मधोमध ढिगासारखी राहिली, तर मिश्रण फुटले आहे, म्हणजे त्यातले घटक वेगळे झाले आहेत. मजबुती सावकाश येत असल्याने साचा लवकर काढू नये आणि पाणी मारण्याचे दिवस वाढवावेत.