मातीत सापडलेला दोन शेपट्यांचा पांढरा किडा डिप्लुरा आहे का, कसं ओळखायचं?

कुंडीतली माती उपसताना चार-पाच मिलिमीटरचा, पांढरट, मागे दोन शेपट्या असलेला किडा निघाला, ही वाळवी आहे का कसर आणि झाडाला खाईल का, असं विचारलंय तुम्ही. वर्णनावरून तरी डिप्लुराच वाटतोय, म्हणजे मातीत राहणारा, सहा पायांचा, डोळे नसलेला बारीक प्राणी. झाडाची काळजी नको, हे सहसा बुरशी, सडका पाचोळा, माइट्स (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव), स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) असलं खाऊन राहतात, त्यामुळे औषध मारू नका प्लीज.

पण खात्री करायची तर भिंग घ्या आणि आधी पाय मोजा. सहाच असले पाहिजेत, कारण सिम्फायला नावाचा पांढरा, डोळे नसलेला प्राणी मातीत भरपूर असतो, त्यालाही मागे दोन टोकं असतात आणि घाईत तोच डिप्लुरा वाटतो, मात्र मोठ्या सिम्फायलाला पायांच्या १२ जोड्या असतात. कसरीला शेपट्या तीन आणि अंगावर खवले. डिप्लुरासारख्याच वाळवीच्या मिशाही मण्यांच्या माळेसारख्या असतात, पण तिच्या शेपट्या जवळपास दिसतच नाहीत. आणि डोक्यावर डोळ्याचे काळे ठिपके दिसले तर विषय संपला, डिप्लुराला डोळे नसतातच.

आता शेपटी नीट बघा, कुळ तिच्यावरूनच कळतं. लांब, बारीक, बऱ्याच पेरांच्या दोऱ्यासारख्या शेपट्या म्हणजे कॅम्पोडिडी, तुमचा बहुतेक यातलाच. शेपट्यांऐवजी कडक तपकिरी चिमटा असेल तर जॅपिजिडी, हे शिकारी, चिमट्याने भक्ष्य पकडतात आणि लोक त्यांना इअरविग या मागे चिमटा असलेल्या कीटकाचं पिल्लू समजतात (इअरविगला डोळे असतात, तिथेच फरक कळतो). चिमटा पॅराजॅपिजिडीलाही असतो, ते वेगळे करायला मायक्रोस्कोपच लागतो. शेपट्या आखूड, जाड असतील तर प्रोजॅपिजिडी किंवा तसंच एखादं कुळ. एक लक्षात ठेवा, कॅम्पोडिडीच्या शेपट्या पटकन तुटतात आणि पुढच्या कातींमध्ये परत वाढतात, मोठं झाल्यावरही कात टाकणं चालूच असतं, त्यामुळे शेपटी एकच दिसली किंवा दिसलीच नाही तरी लगेच बाद करू नका.

वर्गीकरणाचं म्हणाल तर आधी यांना कसरीबरोबर थायसॅन्युरा नावाच्या गटात टाकायचे, १९०४ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बर्नर यांनी डिप्लुरा हा गट वेगळा केला. यांचे जबडे डोक्यातल्या खिशात लपलेले असतात, म्हणून स्प्रिंगटेल आणि प्रोट्युरा (मातीतलेच आणखी एक बारीक, सहा पायांचे जीव) यांच्यासोबत एन्टोग्नाथा असा गट धरायचे, अजूनही खूप ठिकाणी तसंच लिहिलेलं दिसतं. पण २०१४ मध्ये १४७८ जनुकं तपासून केलेल्या मोठ्या अभ्यासात डिप्लुरा खऱ्या कीटकांच्या सगळ्यात जवळचे निघाले. जबडे लपलेत एवढ्यावरून नातं ठरवणं मला तरी कच्चं वाटतं.

फोटोवरून नेमकी प्रजाती मात्र कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी पाठीवरचे ठराविक केस कुठे आहेत, नख्या कशा आहेत हे स्लाइड बनवून बघावं लागतं. नमुना हवाच असेल तर चिमट्याने उचलू नका, चिरडतो, ओल्या ब्रशने अलगद उचलून ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, आणि सोबत जागा, तारीख, मातीत किती खोल सापडला हे पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून त्याच बाटलीत घाला, शाई अल्कोहोलमध्ये पसरते.