बीपीची गोळी सकाळी की रात्री?

"ताई, इतकी वर्षं गोळी चुकीच्या वेळी घेतली का मी?"

काका एसटीतून निवृत्त झालेले. सोबत काकू आणि बीपीची वही. सकाळी सहाला १५२/९२, दुपारी तीनला १२४/७८, झोपताना १३४/८२. सकाळचे सगळे आकडे लाल पेनाने. 'गोळी रात्रीच घ्या, हार्ट अटॅक टळतो' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला आणि काकांनी कुणालाही न विचारता वेळ बदलून टाकली. त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. मग काय, रात्री तीन-तीनदा उठणं, झोपेचं खोबरं, एकदा अंधारात तोलही गेला. टीव्हीसमोर डोळा लागला की गोळी राहायची, ते वेगळंच.

हे मेसेज अगदीच हवेतून येत नाहीत. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने रात्रीच्या गोळीचा मोठा फायदा सांगितला होता. त्यावर तज्ज्ञांनी बऱ्याच शंका घेतल्या. पुढे ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षांच्या वर अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत सकाळ-रात्रीचा म्हणावा असा फरक नाही. हा मेसेज मात्र कुणी पुढे ढकलत नाही!

काकांना मी आधी लाल पेन बाजूला ठेवायला सांगितलं. बीपी दिवसभर एका जागी बसत नाही. झोपेत ते साधारण १० ते २० टक्के उतरतं आणि पहाटे जाग येताना चढू लागतं. त्यात काका चहा पिऊन लगेच, फोनवर बोलत, हात लोंबता ठेवून मोजायचे. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या पातळीला. गोळीआधी सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, तेही डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात. रोज दहा वेळा मोजलं की धास्तीनेच आकडा वाढतो.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा नाश्त्यानंतर आणली. बदल हवा असेल तर त्यांना विचारूनच करायचा, एवढं काकांकडून कबूल करून घेतलं.

मला खरी खटकली ती काकूंनी जाता जाता टाकलेली गोष्ट: "घोरतात इतके, की मधेच श्वास थांबला की मीच हलवते." डॉक्टरांनी २४ तासांचं बीपी यंत्र लावायला सांगितलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी, रात्रीही थोड्या थोड्या वेळाने फुगणारा. काका वैतागले, पण कळलं की रात्री त्यांचं बीपी उतरतच नाही. मग झोपेची तपासणी झाली आणि झोपेत श्वास अडखळतो हे नक्की झालं. घोरणं हा चेष्टेचा विषय म्हणून सोडून देणारी घरं मी फार पाहते.

आता गोळीच्या वेळेवरून वाद नाही. वाद आहे तो झोपेत श्वास अडखळू नये म्हणून लावायच्या, हवा देणाऱ्या यंत्राच्या मास्कवरून. "हे तोंडाला लावून झोपू मी?" असं काका विचारतात. पुढच्या भेटीला काकूंनाही बोलावलंय.