ठाणे खाडीच्या गाळात तांबं, शिसं जास्त आढळलं, तर तो प्रदूषणाचा पुरावा मानायचा का?

नाही, नुसत्या मिलिग्रॅम-प्रति-किलोच्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. त्याच नमुन्यातलं ॲल्युमिनियमही मोजून धातूचं त्याच्याशी गुणोत्तर काढावं लागतं. धातू मुख्यतः बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटतात, म्हणून शेजारशेजारच्या दोन जागांपैकी चिखलाच्या जागी आकडा मोठा येतो आणि वाळूच्या जागी लहान, जवळ कारखाना असो वा नसो. ॲल्युमिनियमवरून चिकणमातीचं प्रमाण कळतं. याच कारणासाठी बऱ्याच प्रयोगशाळा ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भागच तपासतात. त्यात आपला गाळ बेसॉल्टच्या (सह्याद्रीतल्या काळ्या खडकाच्या) झिजेतून आलेला, आणि बेसॉल्टमध्ये तांबं मुळातच भरपूर! जगाच्या सरासरीशी तुलना केली तर स्वच्छ खाडीही दूषित ठरेल. तुलना त्याच खाडीतल्या खोलवरच्या, कारखाने येण्यापूर्वीच्या थराशी करायला हवी. अहवाल हातात आला तर एवढं नक्की पाहा:

- गाळ विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं का? नुसत्या अम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने) सिलिकेट खनिजांमधला धातू पूर्ण सुटत नाही. क्रोमियम तर बराच मागे राहतो.
- पारा मोजायचा असेल तर नमुना कसा वाळवला? भट्टीत तापवला की पारा उडतो.
- सोबत प्रमाणित संदर्भ-गाळ, म्हणजे ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असा नमुना, तपासला का? नसेल तर मी त्या आकड्यांवर विसंबणार नाही.

मात्र गुणोत्तर वाढलेलं दिसलं तरी तो सगळा धातू मासे-कालवांच्या अंगात जातो असं नाही. ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलात शिसं आणि कॅडमियम सल्फाइडमध्ये (गंधकाच्या संयुगांत) अडकून राहतात. गाळ उपसला की ते मोकळे होऊ शकतात.